एका रोगाच्या नांवाचा इतिहास

म्हातारपणीं माणूस विसराळू होतो ही गोष्ट इतकी जुनी आणि इतकी परिचित आहे कीं, तिला कांहीं इतिहास असेल असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. 'साठी बुद्धि नाठी' ही म्हण आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. एखादे आजोबा जेवून उठल्यावर घटकाभरानें पुन्हा पान मांडण्यास सांगूं लागले, किंवा एखाद्या आजी कधींच पडून गेलेल्या माहेरच्या घरीं जावयाचें म्हणून गांठोडें बांधूं लागल्या, म्हणजे 'म्हातारचळ लागला' एवढें बोलून घरांतील मंडळी मोकळी होतात. ह्या बोलण्यांत दुष्टपणा नसतो. बहुतेक वेळां थोडी थट्टा आणि पुष्कळसा नाइलाज असतो. परंतु ज्याचें कारण वय असें एकदां ठरलें, त्याचें दुसरें कारण शोधण्याची गरज कोणास वाटत नाहीं. हा प्रकार केवळ आपल्या अशिक्षित आजीबाईंच्या बोलण्यापुरताच होता असेंही नव्हे. यूरोप व अमेरिका येथील मोठमोठ्या वैद्यांनीं, आपल्या विद्वज्जड परिभाषेंत, विसाव्या शतकाचीं पाऊणशें वर्षें हेंच केलें. तें कसें घडलें व कसें मोडलें, हें आम्ही येथें सांगणार आहों.

प्रथम शब्दाविषयीं थोडें. ज्या अवस्थेला इंग्रजींत डिमेन्शिया म्हणतात तिला मराठींत स्मृतिभ्रंश हा शब्द रूढ झाला आहे. हा शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत आलेला आहे; पण तेथें त्याचा अर्थ नैतिक आहे. क्रोधानें मोहित झालेल्या मनुष्यास आपल्या हिताहिताचें स्मरण राहत नाहीं, असा तेथील आशय. वैद्यकांतील स्मृतिभ्रंशांत मनुष्याचा कांहीं दोष नसतो, आणि नष्ट होते ती केवळ स्मृतीच असेंही नाहीं. स्थळकाळाचें भान, नेमका शब्द, हिशेब, सारासार विचार, आप्तेष्टांची ओळख आणि स्वभावाचा तोल हीं सर्व हळूहळू ढळत जातात. जन्मापासूनच्या बुद्धिमांद्याहून ही अवस्था वेगळी आहे, हें एस्क्विरोल ह्या फ्रेंच वैद्यांनीं १८३८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत जन्मदरिद्री व द्रव्यनाश झालेला श्रीमंत यांच्या दृष्टान्तानें समजावून दिलें होतें. जें होतें तें गेलें, हें ह्या दुःखाचें मर्म त्यांनीं अचूक ओळखलें. परंतु तें कशानें गेलें, हें त्यांना सांगतां येण्यासारखें नव्हतें.

कारण शोधण्याची आशा एका दुसऱ्याच रोगानें उत्पन्न केली. एकोणिसाव्या शतकांतील यूरोपच्या वेड्यांच्या इस्पितळांत असे पुष्कळ रोगी असत कीं, ज्यांना प्रथम भ्रम होई, मग अंग लुळें पडे आणि कांहीं वर्षांत मृत्यु येई. १८२२ सालीं पॅरिसमधील बेल नांवाच्या एका तरुण वैद्यानें अशा रोग्यांच्या मेंदूच्या आवरणांत विकृति असल्याचें दाखविलें. आणि हा प्रकार उपदंशाचा होय, हें १९१३ सालीं नोगुची व मूर यांनीं मेंदूंत त्या रोगाचे जंतु दाखवून निर्विवाद सिद्ध केलें. वेडाच्या मुळाशीं मेंदूंतील डोळ्यांनीं दिसणारी विकृति असूं शकते, हा धडा त्या काळच्या जर्मन वैद्यांनीं मनावर घेतला. त्यांच्यापैकींच एक डॉ. आलोइस अल्झायमर हे होत.

डॉ. अल्झायमर यांचा जन्म १४ जून १८६४ रोजीं बव्हेरियांतील मार्क्टब्राइट या लहानशा गांवीं झाला. १८८८ सालीं ते फ्रँकफुर्ट शहराच्या वेड्यांच्या इस्पितळांत नोकरीस लागले. त्या भव्य इमारतीस गांवचे लोक 'वेड्यांचा राजवाडा' म्हणत. तेथील मुख्य वैद्य सिओली हे सुधारणावादी होते. रोग्यांस बांधून ठेवण्याची चाल त्यांनीं कमी करीत आणली होती. पुढल्याच वर्षीं फ्रान्झ निस्सल हे तेथें आले. मज्जापेशी सूक्ष्मदर्शकाखालीं स्पष्ट दिसाव्या म्हणून त्यांना रंग देण्याची एक नवी रीत निस्सल यांनीं शोधून काढली होती. दिवसा रोग्यांशीं बोलावें आणि संध्याकाळीं सूक्ष्मदर्शकापाशीं बसावें, असा ह्या दोघां मित्रांचा क्रम होता. मन व मेंदू ह्या दोहोंकडे सारख्याच धीरानें पाहण्याची ही संवय पुढील सर्व हकीकतीचें मूळ आहे.

२५ नोव्हेंबर १९०१ रोजीं रेल्वेंतील एका कारकुनानें आपल्या पत्नीस ह्या इस्पितळांत आणून दाखल केलें. तिचें नांव ऑगुस्टे डेटर व वय ५१ वर्षांचें. संसार वर्षानुवर्षें सुरळीत चालला असतां ह्या बाई अकारण नवऱ्याचा मत्सर करूं लागल्या होत्या. मग स्वयंपाक बिघडूं लागला, वस्तु भलत्याच ठिकाणीं लपविल्या जाऊं लागल्या, राहत्या घरांत वाट सांपडेनाशी झाली, आणि कोणी तरी आपल्या जिवावर उठलें आहे असें वाटून त्या ओरडूं लागल्या. दुसऱ्या दिवशीं डॉ. अल्झायमर त्यांच्याजवळ बसले व त्यांनीं प्रश्न विचारून उत्तरें जशींच्या तशीं टिपून घेतलीं. नांव विचारलें तें बाईंनीं बरोबर सांगितलें. आडनांव विचारलें तर पुन्हा तेंच नांव. आणि नवऱ्याचें नांव विचारलें तेव्हांही थोड्या संकोचानें तेंच. दुपारच्या जेवणांत त्या फुलकोबी व डुकराचें मांस खात होत्या. काय खातां असें विचारतां पालक म्हणून उत्तर आलें. पेन्सिल, लेखणी, किल्ली दाखविली तर त्यांचीं नांवें बरोबर येत. पण थोड्या वेळानें काय दाखविलें होतें हें आठवत नसे. आपलें नांव लिहावयास सांगितलें तेव्हां 'श्रीमती' एवढें लिहून हात थांबला, कारण पुढें काय लिहावयाचें तेंच निसटून गेलें होतें.

ह्या टिपणांतील एक वाक्य विशेष लक्षांत ठेवण्यासारखें आहे. लिहितां येईना तेव्हां, आपण जणूं स्वतःलाच हरवून बसलों आहों, अशा अर्थाचे उद्गार बाईंनीं काढले. ज्याची बुद्धि गेली त्याला आपली बुद्धि गेल्याचें दुःख नसतें, अशी आपली सोयीची समजूत असते. निदान पूर्वार्धांत तरी ती खरी नव्हे, हें ह्या एका नोंदीवरून कळतें.

आजच्या ज्ञानानें पाहतां त्या उत्तरांतील क्रमही समजतो. नव्या अनुभवाचें स्मरणांत रूपांतर करण्याचें काम मेंदूच्या आंतील बाजूस असणाऱ्या हिपोकॅम्पस नांवाच्या भागाकडे मुख्यतः असतें, आणि ह्या रोगाचा पहिला घाला बहुधा त्याच परिसरावर पडतो. म्हणून सकाळचें जेवण आठवत नाहीं आणि चाळीस वर्षांपूर्वींचें लग्न आठवतें. 'जुनें सगळें लख्ख आठवतें, मग आतांचेंच कसें विसरतात? हें सोंग आहे,' असा संशय घराघरांतून घेतला जातो. परंतु हा भेद सोंगाचा पुरावा नसून रोगाचीच खूण असते. पुढें रोग पसरत जातो, तसे शब्द, ओळखी आणि शेवटीं गिळण्या-चालण्यासारख्या क्रियाही त्याच्या तडाख्यांत सांपडतात.

१९०३ सालीं डॉ. अल्झायमर फ्रँकफुर्ट सोडून प्रथम हायडेलबर्ग व लगेच म्युनिक येथें प्रोफेसर एमिल क्रेपेलिन यांच्याकडे गेले. परंतु ऑगुस्टेबाईंची खबर ते घेत राहिले. बाई अंथरुणास खिळल्या, बोलेनाशा झाल्या, आणि ८ एप्रिल १९०६ रोजीं निवर्तल्या. सिओली यांनीं त्यांचा मेंदू व कागदपत्र म्युनिकला धाडले. मेंदू आकसलेला होता. चांदीच्या क्षाराचा संस्कार करण्याची त्या वेळीं नवी असलेली रीत वापरून डॉ. अल्झायमर यांनीं त्याचे पातळ छेद तपासले, तेव्हां त्यांना दोन गोष्टी दिसल्या. पेशींच्या बाहेर जागजागीं कसल्याशा द्रव्याचे पुंजके सांचले होते. आणि पेशींच्या आंत सूक्ष्म तंतु जाड होऊन, विंचरलेल्या केसांच्या गुंतवळासारखे एकमेकांत अडकले होते. पुष्कळ ठिकाणीं पेशी नाहींशी होऊन नुसता गुंता मागें उरला होता. पुंजके पूर्वीं कांहीं संशोधकांनीं पाहिले होते. पेशींतील हा गुंता मात्र नवा होता.

३ नोव्हेंबर १९०६ रोजीं ट्यूबिंगेन येथें मनोवैद्यांच्या सभेंत त्यांनीं ही हकीकत सांगितली. सभेंत कोणी एक प्रश्नही विचारला नाहीं. पुढील वर्षीं अवघ्या दोन-तीन पानांचा लेख छापून आला. ज्या शोधाचें नांव पुढें जगांतील प्रत्येक शहरांत उच्चारलें जावयाचें होतें, त्याचें स्वागत हें असें झालें.

१९१० सालीं प्रो. क्रेपेलिन यांनीं आपल्या मनोवैद्यकावरील ग्रंथाच्या आठव्या आवृत्तींत ह्या अवस्थेस 'अल्झायमरचा रोग' असें नांव दिलें, आणि तो वार्धक्यापूर्वीं होणारा एक वेगळा रोग म्हणून मांडला. त्याचें स्वरूप अद्याप अस्पष्ट आहे, हें त्यांनींच तेथें नमूद केलें होतें. तरीही त्यांनीं इतकी घाई कां केली याविषयीं इतिहासकारांत तर्क आहेत. कोणी प्राग येथील प्रतिस्पर्धी प्रयोगशाळेशीं असलेल्या चढाओढीकडे बोट दाखवितात, तर कोणी मनाच्या रोगांचें मूळ मेंदूंतच असतें हा पक्ष फ्रॉइडपंथीयांपुढें बळकट करण्याच्या इच्छेकडे. कारण कांहीं असो, परिणाम स्पष्ट होता. पन्नाशींत बुद्धि गेली तर तो रोग. ऐशींव्या वर्षीं तीच गेली तर तें म्हातारपण.

ही सीमारेषा मेंदूंत कोठेंही आंखलेली नव्हती, आणि हें जाणणारे लोक त्या काळींही होते. प्राग येथील डॉ. ऑस्कर फिशर यांनीं १९०७ सालींच वार्धक्यांतील स्मृतिभ्रंशाचे सोळा मेंदू तपासून त्यांतील बारांमध्यें तेच पुंजके पाहिले होते. म्हणजे ज्यांना केवळ म्हातारे म्हणून बाजूस सारलें जात होतें त्यांच्या मेंदूंतही तीच विकृति होती. म्युनिक येथें डॉ. अल्झायमर यांच्या हाताखालीं काम करून अमेरिकेस परतलेले कृष्णवर्णीय वैद्य डॉ. सॉलोमन कार्टर फुलर यांनींही १९१२ सालीं ह्या विषयाचा सविस्तर परामर्श घेतला. सर्वांत मोठी गोष्ट ही कीं, ज्यांच्या नांवानें रोग प्रसिद्ध झाला त्या डॉ. अल्झायमर यांनाच १९११ च्या आपल्या लेखांत हा रोग स्वतंत्र मानण्यास पुरेसें कारण दिसत नव्हतें. वार्धक्यांतील विकृतीचाच हा एक अवेळीं आलेला प्रकार असावा, असा त्यांचा कल होता. परंतु पाठ्यपुस्तकांत शिरलेला शब्द एका लेखानें बाहेर निघत नाहीं.

ही चूक सुधारण्यास त्यांपैकीं दोघे उरले नाहींत. डॉ. अल्झायमर १९१२ सालीं ब्रेस्लाउ येथें प्राध्यापक झाले आणि १९ डिसेंबर १९१५ रोजीं, ऑगुस्टेबाई इस्पितळांत आल्या त्याच ५१ व्या वर्षीं, वारले. डॉ. फिशर हे जन्मानें यहुदी. १९३९ सालीं त्यांना विद्यापीठांतून काढण्यांत आलें, १९४१ सालीं गेस्टापोनें पकडलें, आणि १९४२ सालीं टेरेझीन येथील कैदेंत त्यांचा अंत झाला. त्यांचें नांव पुढें कित्येक दशकें विद्वानांच्याही स्मरणांतून गेलें. विस्मृतीचा अभ्यास करणाऱ्याच्या वांट्यास जगाची विस्मृति यावी, हा इतिहासाचा क्रूरपणा होय.

मधल्या काळांत काय झालें? वृद्धांच्या बुद्धिभ्रंशाचें कारण 'रक्तवाहिन्या कठीण होणें' हें होय, असें ठरून गेलें. त्यावर उपाय नाहीं असेंही ठरलें. अमेरिकेंतील डॉ. रॉथशिल्ड यांनीं १९३० नंतरच्या दशकांत एक मार्मिक शंका काढली होती: सारखीच विकृति असलेले दोन मेंदू दोन माणसांत इतके भिन्न परिणाम कां दाखवितात? माणसाची पूर्वायुष्यांतील घडण व परिस्थिति यांचा त्यांत भाग असावा, असें त्यांचें म्हणणें. परंतु त्या प्रश्नाचा पाठपुरावा व्हावा तितका झाला नाहीं. 'अल्झायमरचा रोग' हें विरळा आढळणाऱ्या एका रोगाचें नांव म्हणून पुस्तकांत पडून राहिलें, आणि लक्षावधि वृद्ध नांवावांचून राहिले. ज्याला नांव नाहीं त्यासाठीं संशोधनाला पैसा मिळत नाहीं, इस्पितळांत खाट मिळत नाहीं, आणि घरांतही सहानुभूतीपेक्षां कंटाळाच अधिक मिळतो.

कोंडी फुटली ती पुन्हा सूक्ष्मदर्शकानेंच. इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें ब्लेस्ड, टॉमलिन्सन व रॉथ ह्या तिघांनीं वृद्धांची बुद्धि व व्यवहारशक्ति जिवंतपणीं मोजून ठेविली, आणि मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूंतील पुंजके मोजले. जेथें पुंजके अधिक तेथें बुद्धिभ्रंशही सामान्यतः अधिक, हें त्यांनीं १९६८ सालीं दाखविलें. एप्रिल १९७६ मध्यें न्यूयॉर्कचे डॉ. रॉबर्ट कॅट्झमन यांनीं एक छोटा संपादकीय लेख लिहून प्रश्नच निकालांत काढला: वयाची सीमा कृत्रिम आहे, दोन्ही अवस्था एकच, आणि तसें मानलें तर अमेरिकेंतील मृत्यूंच्या कारणांत ह्या रोगाचा क्रमांक चौथा किंवा पांचवा लागेल. एका लेखणीच्या फटकाऱ्यानें विरळा रोग साथीएवढा मोठा झाला. रोगी त्या दिवशीं वाढले नव्हते. ते पूर्वींपासूनच होते, फक्त मोजले जाऊं लागले. १९८४ सालीं ग्लेनर व वाँग यांनीं रक्तवाहिन्यांत सांचणाऱ्या अशाच द्रव्यांतील प्रथिन ओळखलें, आणि तेंच पुंजक्यांतही असल्याचें लौकरच ठरलें. गुंत्यांतील टाउ नांवाच्या प्रथिनाची ओळखही त्याच दशकांत पटली.

तरीही आम्ही असें म्हणत नाहीं कीं, १९७६ नंतर सर्व कांहीं स्वच्छ झालें. वृद्धांच्या स्मृतिभ्रंशांत हा रोग, रक्तवाहिन्यांचे दोष व इतर विकृति पुष्कळदां एकत्र असतात. अमेरिकेंत १९८६ सालीं सुरू झालेल्या ६७८ ख्रिस्ती धर्मभगिनींच्या अभ्यासांत असें आढळलें कीं, मेंदूंत पुंजके व गुंते विपुल असूनही कित्येकींची बुद्धि अखेरपर्यंत शाबूत होती. रॉथशिल्ड यांची शंका अशा रीतीनें पुन्हा दारांत येऊन उभी राहिली. २०२३ सालीं अमेरिकेंत पूर्ण मान्यता मिळालेलें लेकानेमॅब हें औषध पुंजके धुऊन काढतें. पण त्यानें रोगाचा वेग कांहींसा मंदावतो, रोग बरा होत नाहीं, आणि कांहीं रोग्यांच्या मेंदूस सूज येणें किंवा रक्तस्राव होणें हे धोके त्यांत आहेत. नांव मिळालें म्हणजे उपाय मिळाला असें नव्हे. नांवानें एवढेंच होतें कीं, उपाय शोधणें हें कर्तव्य ठरतें.

हा इतिहास जर्मनी, इंग्लंड व अमेरिका येथला असला तरी त्याचें फळ आपल्या दारांत येऊन पडलें आहे. १९५१ च्या सुमारास भारतांत सरासरी आयुर्मान अवघें ३२ वर्षांचें होतें. आतां तें सत्तरीच्या आसपास आहे. साठी गांठणारे थोडे होते, तेव्हां त्यांची बुद्धि नाठी होणें हा म्हणीचा विषय होता. आतां तो गणनेचा झाला आहे. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीच्या अनुमानाप्रमाणें साठीवरील शंभरांत सातांहून अधिक, म्हणजे सुमारें ८८ लक्ष भारतीय, स्मृतिभ्रंशानें ग्रस्त आहेत. ह्याच आंकड्याला दुसरी बाजूही आहे: शंभरांतील नव्वदांहून अधिक वृद्धांची बुद्धि नाठी झालेली नाहीं. म्हणजे आपली जुनी म्हण दोन्हीकडून खोटी ठरते. ती निरोग्यांस उगीच हिणविते आणि रोग्यांचा रोग झांकते.

ह्यांत व्यवहाराचाही मोठा प्रश्न आहे. विसरणें वाढलें कीं तो अल्झायमरचाच रोग, असें मुळींच नाहीं. कंठग्रंथीचें काम मंदावणें, ब-१२ ह्या जीवनसत्त्वाचा अभाव, मनाची खिन्नता, झोपेच्या किंवा इतर औषधांचा परिणाम, डोक्यास मार लागून आंत सांकळलेलें रक्त, ह्यांनींही बुद्धि मंदावते. आणि यांतील पुष्कळ कारणांवर उपचार आहेत. 'वय झालें' म्हणून ज्यांना वैद्याकडे नेलेंच नाहीं, त्यांत असे बरे होण्याजोगे किती असतील, याचा विचार मनाला अस्वस्थ करतो. रोग बरा होणारा नसला तरीही तो ओळखल्यानें खूप कांहीं साधतें. सासूबाई आपल्यावर चोरीचा आळ घेतात तो द्वेषानें नव्हे हें सुनेला कळतें. वडील तोच प्रश्न दहा वेळां विचारतात तो छळण्यासाठीं नव्हे हें मुलाला कळतें. आणि जो मनुष्य आंतून स्वतःला हरवत चालला आहे, त्याच्यावर घरच्यांच्या रागाचें आणखी एक ओझें पडत नाहीं.

ऑगुस्टेबाईंचे कागद बरींच वर्षें गहाळ झालेले होते. डिसेंबर १९९५ मध्यें फ्रँकफुर्ट येथील प्रो. कोनराड माउरर व त्यांचे सहकारी यांना ते निळ्या पुठ्ठ्याच्या वेष्टनांत सांपडले. पुढें म्युनिक येथें त्यांच्या मेंदूचे जुने छेदही मिळाले. २०१३ सालीं कांहीं संशोधकांनीं त्यांत आनुवंशिक दोष सांपडल्याचें प्रसिद्ध केलें, आणि पुढल्याच वर्षीं दुसऱ्यांस तो आढळला नाहीं. तो वाद विद्वानांनीं मिटवावा. आम्हांस त्या निळ्या वेष्टनाचें महत्त्व वेगळ्या कारणानें वाटतें. त्यांत मेंदूच्या चित्रांच्या आधीं एका बाईचीं उत्तरें आहेत, आणि तीं टिपून घेण्यास एक वैद्य तिच्याजवळ बसून राहिला होता. नांव देण्याचें काम मागाहून झालें, आणि तें कांहीं काळ चुकलेंही. परंतु समोरचें माणूस काय म्हणतें तें ऐकून घेण्याचें पहिलें काम त्या दिवशीं बरोबर झालें होतें. तेवढें काम करण्यास सूक्ष्मदर्शक लागत नाहीं. तें आपल्यापैकीं प्रत्येकास आपापल्या घरीं करतां येण्यासारखें आहे.